हात आधी हलला होता

ओंकारला पहिली फिट आली तेव्हा मी देवापाशी निरांजन लावत होते. जानेवारीतली सकाळ, साडेसहाचा सुमार. बंब पेटलेला होता. ओंकार मोरीपाशी दात घासत होता आणि त्याची धाकटी बहीण, आमची चिऊ, ब्रशवर पेस्ट लावून मिळायची वाट बघत शेजारी उभी होती. मला आधी धाडकन पडल्याचा आवाज आला, मग चिऊची किंकाळी.

मी धावले. त्याचे डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती, अंग लाकडासारखं ताठ. आणि मग सगळं अंग गदागदा हलायला लागलं. तोंडातून फेस येत होता, तो पेस्टचा की कसला ते कळेना. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. ह्यांनी चप्पल आणली. शेजारच्या काकांनी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आणि मी काय केलं? जीभ चावेल म्हणून चमचा दातांत सारायला गेले. पुढच्या दाताचा टवका उडाला. तो दात आजही तसाच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवते, आणि फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ बघायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही, एवढं मला माहीत नव्हतं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर उचलून दवाखान्यात न्यायचं असतं. ओंकारची फिट दोन-तीन मिनिटांत थांबली असणार. मला ती अर्धा तास चालल्यासारखी वाटली, कारण घड्याळाकडे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

गावातल्या एका दवाखान्यात नेलं. साखर तपासली, ती बरोबर होती. सलाईन लावलं, "अशक्तपणा आहे, रात्री जागला असेल" म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. त्यात आमचे अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत घरातल्या प्रत्येकाला कारण सापडलं. सासूबाईंना आठवलं की आदल्या दिवशी अमावस्या होती आणि पोरगं तिन्हीसांजेला ओढ्यावरून आलं होतं. ह्यांचा सगळा राग मोबाइलवर. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तुमच्या माहेरी कुणाला आकडी होती का हो?" आणि माझं स्वतःचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ओंकार जन्मला तेव्हा लगेच रडला नव्हता. सिस्टरने तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तेव्हा कुठे आवाज फुटला. चौदा वर्षं ती दोन मिनिटं माझ्या पोटात होती. आता वाटायला लागलं, हेच ते. माझ्याच पोटातून त्याला हे मिळालं.

प्रत्येकाचं कारण कुणा ना कुणाच्या तरी माथी जात होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला स्टाफरूममध्ये बसवून सांगितलं, "फिट आली म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडेच दाखवायचं. एकच आली म्हणून थांबायचं नाही." त्यांच्या भावाच्या बाबतीत उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही फलटणहून पुण्याला निघालो. चिऊला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही बरोबर. हे मुद्दाम सांगते, कारण ती नसती तर पुढचं सगळं लांबलं असतं.

दवाखान्यात नंबर यायला चार तास लागले. बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की फिट हा काही एकच आजार नाही. शेजारी एक आजोबा होते, वर्षापूर्वी अर्धांगवायू झालेले. मेंदूत रक्त न पोचल्याने जिथे जखम झाली होती, तिथूनच आता झटके येत होते. एक मुलगी हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेली. एका बाईंचं बाळंतपण होऊन दोन आठवडे झाले होते, मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली होती. एका माणसाने रोजची दारू घरच्यांच्या शपथेखातर एकदम सोडली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फिट आली. दारू सोडू नये असं नाही, पण इतकी जुनी सवय डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते, हे त्याच्या बायकोला नंतर कळलं होतं. आणि एक अगदी तरुण आई, मांडीवर दीड वर्षाचं बाळ. त्याला ताप चढला की झटके येत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असं होतं आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काही त्रास राहत नाही, असं तिला सांगितलं होतं. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा स्वतःशीच म्हणत होती.

आत गेलो. मला वाटलं होतं लगेच मशीनमध्ये घालतील. डॉक्टरांनी पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. जन्मल्यावर रडला का? बसायला, चालायला, बोलायला कधी लागला? लहानपणी तापात झटके आले होते का? डोक्याला मार? मेंदूज्वर? घरात कुणाला टीबी? नात्यात कुणाला फिट? रात्री किती झोपतो? उलट्या-जुलाब झाले होते का, नवीन औषध सुरू होतं का? रक्तातली साखर किंवा सोडियम फार उतरलं तरी फिट येते, म्हणून हे सगळं विचारावं लागतं.

'जन्मल्यावर रडला का'ला मी खरं उत्तर दिलं. ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, त्यांनाही ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "ताई, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला तर पुढे फिट येऊ शकतात, हे खरं आहे. पण अशी मुलं बहुधा बाकीच्या गोष्टींतही मागे राहतात. हा वेळेवर चालला, वेळेवर बोलला, नववीत आहे, क्रिकेट खेळतो. मला ते कारण वाटत नाही."

मग ते म्हणाले, "आता मला सुरुवात सांगा. पडायच्या आधी काय झालं?"

आम्ही गप्प. आम्ही सगळे पडल्याच्या आवाजानंतर धावलो होतो. ओंकारला स्वतःला काहीच आठवत नव्हतं.

"मी बघितलं," चिऊ म्हणाली. "दादाचा ब्रश आपोआप हलत होता."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि खिशातलं पेन तिच्या हातात दिलं. "कसा हलत होता, दाखव बरं." चिऊने पेन उजव्या हातात धरलं. अंगठा आणि दोन बोटं टकटक टकटक उडवली. मनगट स्थिर, फक्त बोटं. मग तिने तोंडाचा उजवा कोपरा ओढून दाखवला. "मग त्याचं तोंड असं झालं. मी म्हटलं दादा वेडावतोय मला. मग तो पडला."

आठ वर्षांच्या पोरीने अकरा दिवस हे मनात ठेवलं होतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि ओंकारशी एकट्याने बोलले. तेव्हा त्याने सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी गणिताच्या तासाला त्याची बोटं वहीवर अशीच नाचली होती आणि पेन पडलं होतं. थंडीने झालं असेल म्हणून तो बोलला नाही. नंतर मला कळलं की तीसुद्धा फिटच होती, छोटी. शुद्ध न जाता नुसतं एका हातात, नुसत्या ओठात, नुसती काही सेकंद नजर हरवून, अशाही फिट असतात. त्या घरच्यांच्या लक्षात येत नाहीत.

त्यांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून समजावलं. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. काहींमध्ये अचानक सगळीकडे एकदम गडबड उठते, काहींमध्ये ती एका जागेवरून सुरू होते आणि पसरते. उजव्या हाताची बोटं डाव्या मेंदूच्या एका ठरावीक पट्ट्यातून चालतात. "बोटं आधी हलली याचा अर्थ ठिणगी डावीकडे पडली. त्या जागी काय आहे ते बघायला हवं." साधा सीटी स्कॅन न सांगता त्यांनी शिरेतून औषध देऊन करायचा एमआरआय लिहून दिला. आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद.

ईईजीला आधी रात्री जागायचं असतं. बारा वाजता झोपवायचं, चारला उठवायचं, म्हणजे तपासणीत झोप लागते आणि अर्धवट झोपेत मेंदूतली गडबड जास्त पकडता येते. पुण्यात चुलत दिरांकडे मुक्काम केला आणि मी पहाटे चारपासून त्याच्याशी पत्ते खेळत बसले. डोक्याला तेल नको, शाम्पूने धुऊन या, असं सांगितलं होतं. पण सासूबाईंचा रविवारचा खोबरेल तेलाचा नेम, ते एका धुण्यात जाईना. तंत्रज्ञ ताईंनी परत धुवायला लावलं. मग कवटीवर फितीने मापं घेत त्यांनी वीसेक वायरी चिकट लेपाने बसवल्या. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला. पडद्यावर रेघा धावत होत्या आणि डाव्या बाजूच्या दोन-तीन रेघा मधूनच टोक काढून उठत होत्या. मी न विचारताच त्या ताई म्हणाल्या, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." पण मला दिसलं होतं. ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाही असं होत नाही, हेही तिथेच कळलं. ती अर्ध्या तासाची नोंद असते, तेवढ्या वेळात गडबड झाली तरच दिसते.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एक कडं निघालं. नऊ मिलीमीटरचं, वाटाण्याएवढं. मध्ये एक बारीक ठिपका आणि भोवती सूज.

डॉक्टर म्हणाले, "ही जंताची अळी आहे. डुकरामार्फत फिरणारा फीतकृमी."

आमचं घर माळकरी. सासऱ्यांपासून वारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंना हे कसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हे तर तिथेच चिडले, "डॉक्टर, आमच्यात कुणी असलं खात नाही. रिपोर्ट बदलला असेल."

त्यांना हा राग नवा नसावा. शांतपणे म्हणाले, "हा आजार डुकराचं मांस खाऊन होत नाही." अळ्या असलेलं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर पोटात जंत होतो. तो आतड्यात राहतो, मेंदूत जात नाही. पण त्या माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात, डोळ्यांना न दिसणारी. उघड्यावर शौच झालं, ते पाण्याबरोबर शेतात, भाजीत आलं, किंवा त्या माणसाने हात न धुता जेवण वाढलं, तर ती अंडी दुसऱ्या कुणाच्याही पोटात जातात. ती फुटून अळी रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते. "अंडी भाजीवरून येतात. माळ घातलेल्यालाही होतो आणि न घातलेल्यालाही." जिथे जिथे हा जंत आहे, तिथे अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के रुग्णांत कारण हेच असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग मी विचारलं, कधी गेलं त्याच्या पोटात? काय खाल्लं तेव्हा? त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला. अळी जिवंत असते तोवर वर्षानुवर्षं गप्प पडून असते. शरीराला तिचा पत्ताच लागू देत नाही. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर तुटून पडतं, सूज येते, आणि मग फिट. म्हणजे ती नेमकी कधी आली हे कुणीच सांगू शकत नाही. शेतातून उपटून विजारीला पुसून खाल्लेला मुळा असेल, जत्रेतली कोथिंबीर पेरलेली भेळ असेल. कुणाच्या माथी मारणार?

त्यांनी आणखी एक शंका बोलून दाखवली, टीबीची. मेंदूत क्षयाची गाठही अशीच दिसते. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आल्यावर आपल्याकडे फिटच्या रुग्णांत अशी बारीक कडी फार दिसायला लागली आणि ती टीबीचीच धरून लोकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी शस्त्रक्रिया करून काढलेल्या अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींत जंताची अळी निघाली. त्यांनीच मग खुणा ठरवून दिल्या. गाठ वीस मिलीमीटरपेक्षा लहान असेल, मेंदूला एका बाजूला ढकलत नसेल, अंगात क्षयाची दुसरी लक्षणं नसतील, तर ती बहुधा जंताची. दक्षिणेतल्या एका दवाखान्यात कुणीतरी नीट बघितलं म्हणून माझ्या मुलाच्या डोक्याला चाकू लागला नाही आणि टीबीच्या गोळ्यांचा डोंगरही त्याला गिळावा लागला नाही. हे मी विसरणार नाही.

औषधाची चिठ्ठी वाचून मी थबकले. अल्बेंडाझोल. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, मी स्वतः वर्गातल्या मुलांना ही गोळी चावून खायला लावते. ओंकारनेही दरवर्षी खाल्ली होती. मग? डॉक्टर म्हणाले, शाळेतली ती एक गोळी आतड्यातल्या जंतांसाठी. मेंदूतल्या अळीसाठी वजनानुसार जास्त दिवस द्यावी लागते आणि त्याआधी सुजेचं औषध, कारण अळी मरताना सूज वाढते. त्याच्याही आधी डोळे तपासून घेतले, डोळ्यात अळी असेल तर ही गोळी देणं धोक्याचं. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की कुणी वाचून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. घरातल्या सगळ्यांची शौच तपासणीही केली, कुणाच्या पोटात जंत निघाला नाही.

अळीच्या औषधाबरोबर फिटचं औषध सुरू झालं. सकाळी आठ, रात्री आठ. पहिला महिनाभर ओंकार फार चिडका झाला, ताट सरकवायचा, चिऊवर ओरडायचा. औषधाने असं होतं, हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही सोसलं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी औषध हळूहळू बदलून दिलं. परस्पर बंद केलं नाही.

ती चूक मात्र मे महिन्यात झालीच. दिराच्या मुलाचं लग्न. हळदीच्या रात्री पोरं तीनपर्यंत नाचली आणि गोळ्यांची डबी घरी राहिली होती. दोन वेळच्या गोळ्या चुकल्या. मांडवातच, पंगत बसायच्या आधी, त्याला फिट आली. ह्या वेळी मी त्याला कुशीवर घेतलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, कांदा आणणाऱ्या मामांना हात जोडून थांबवलं. चिऊ घड्याळ बघून मोठ्याने मिनिटं मोजत होती. एक मिनिट पन्नास सेकंद.

सगळ्या नात्यासमोर झालं. नणंद रडत म्हणाली, आता कळलं सगळ्यांना, पुढे सोयरीक कशी जमायची, चिऊचंसुद्धा. मी नंतर डॉक्टरांना हेही विचारलं. ते म्हणाले, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाला आड येणाऱ्या गोष्टींत अपस्मार होता, तो १९९९ साली काढून टाकला. आणि जंताची अळी वंशपरंपरेने येत नाही.

त्या भेटीत त्यांनी एक गोष्ट फार नीट सांगितली. कारण वेगळं, निमित्त वेगळं. कारण म्हणजे ते कडं. जागरण, चुकलेली गोळी, ताप ही निमित्तं. ह्यांचा मोबाइलवरचा राग तेवढ्यापुरता खरा होता, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल म्हणजे जागरणच. पण मोबाइलने मेंदूत कडं उठत नाही. कारण आमच्या हातात नव्हतं, निमित्तं आहेत. तेव्हापासून डबी एक घरी, एक दप्तरात, एक माझ्या पर्समध्ये. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. विहिरीत पोहणं बंद, ह्याचं त्याला सगळ्यात जास्त दुःख आहे.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ माळ हातात घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परातीत मेथीची पानं तीन-तीन पाण्यांनी धूत होत्या. आता त्या कोशिंबिरीचा मुळा आधी सालून घेतात आणि जेवायच्या आधी साऱ्या घराचे साबणाने हात धुऊन घेतात, पाहुण्यांचेसुद्धा.

जुलैत परत एमआरआय झाला. कडं गेलं, सूज गेली. त्या जागी तांदळाच्या कणीएवढा चुन्याचा ठिपका राहिला आहे. तो व्रण आहे, आणि असा व्रण राहिला तर पुढेही फिट येऊ शकते, म्हणून फिटचं औषध चालू ठेवायचं. दोन वर्षं एकही फिट आली नाही तर कमी करण्याचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले. आत्ताशी सात महिने झालेत.

ओंकार दात घासत असला की चिऊ अजूनही मोरीपाशी जाऊन उभी राहते. काही बोलत नाही. नुसती त्याच्या उजव्या हाताकडे बघत असते.